वांड मुलांचा सखा : संत योहान बॉस्को



आपण शाळेत शिक्षक असाल, रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेत असाल किंवा आपल्या घरात वाढत्या वयाचे मूल असेल, तर एक चेहरा आपल्या चांगल्या परिचयाचा असणार. तो शेवटच्या बाकावर बसतो. शिकवणे सुरू झाले की पाय आपटतो, शेजाऱ्याची वही लपवतो, प्रश्न विचारला तर उलट उत्तर देतो. त्याच्या एकट्यापायी साऱ्या वर्गाचा तास वाया जातो. आपण त्याला समजावतो, रागावतो, वर्गाबाहेर उभे करतो, त्याच्या पालकांना बोलावून घेतो. आणि एखाद्या दिवशी सहनशक्ती संपते व आपला हात उगारला जातो. त्यानंतर वर्ग शांत होतो खरा. परंतु घरी परतताना आपले मन मात्र शांत नसते.

अशाच मुलांच्या सहवासात ज्याने आपल्या आयुष्याची सेहेचाळीस वर्षे वेचली, त्या संत योहान बॉस्कोचे चरित्र आज आपणांपुढे ठेवावेसे वाटते. मुलांच्या घोळक्यात उभा असलेला हसतमुख धर्मगुरू, हे त्याचे चित्र आपण अनेक चर्चमध्ये व शाळांमध्ये पाहिले असेल. ते पाहून हा मनुष्य जन्मतःच सौम्य असावा, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. योहान तापट होता, अंगाने बळकट होता आणि हात उगारण्यात कोणापेक्षाही मागे नव्हता. म्हणूनच त्याचे चरित्र आपल्या उपयोगाचे आहे. वांड मुलांना वळण लावण्यापूर्वी त्याला स्वतःच्या हाताला वळण लावावे लागले.

उत्तर इटलीतील कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की नावाच्या वाडीत १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका शेतकरी कुटुंबात योहानचा जन्म झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच १८१७ मध्ये त्याचे वडील न्यूमोनियाने वारले. घरात म्हातारी आजी, पहिल्या पत्नीपासून झालेला अंतोनियो, सख्खा भाऊ जोसेफ आणि आई मार्गारिता. अक्षरओळख नसलेल्या या माउलीने दुष्काळाच्या दिवसांत तिन्ही मुलांना वाढवले. तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक छडी उभी असे. पण ती कोणाच्या पाठीवर पडली नाही, असे सांगतात. एकदा योहानच्या हातून तेलाचे भांडे फुटले. आई बाजाराहून परतण्याच्या आत त्याने कुंपणाची एक काठी तोडली, चाकूने तिच्यावर नक्षी कोरली आणि रस्त्यात सामोरे जाऊन ती तिच्या हाती दिली. आईला हसू आवरेना. शिक्षेचे भय व आईचा विश्वास या दोहोंतील कोणते बळ मोठे, याचा पहिला धडा त्याला घरीच मिळाला.

नऊ वर्षांचा असताना योहानला एक स्वप्न पडले. ते त्याने उतारवयात पोप नववे पायस यांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या आठवणींत सविस्तर नोंदवले आहे. घराजवळच्या मैदानावर पुष्कळ मुले खेळत होती. काही हसत होती, काही शिवीगाळ व देवनिंदा करत होती. ते ऐकताच योहान त्यांच्यावर धावून गेला आणि ठोसे लगावू लागला. तेवढ्यात एक तेजस्वी पुरुष तेथे प्रकट झाला. या मुलांना मारून नव्हे, तर प्रेमाने व सौम्यतेने जिंकून तुला आपले मित्र करावे लागेल, असे त्याने योहानला बजावले. पुढे एका तेजस्वी स्त्रीच्या समक्ष रानटी पशूंची कोकरे झालेली त्याने पाहिली. जागा झाला तेव्हा मारामारी केल्यासारखे त्याचे हात दुखत होते. सकाळी घरात चर्चा झाली. तू मेंढपाळ होशील, असे जोसेफने म्हटले. आईला वाटले, कदाचित धर्मगुरू होईल. अंतोनियोने मात्र, तू दरोडेखोरांचा म्होरक्या होशील, असे भाकीत केले. आजीने स्वप्नांकडे लक्ष न देण्याचा सल्ला दिला.

वाचकहो, एका स्वप्नाने स्वभाव पालटत नाही. योहान पुढे किएरी या गावी शिकायला गेला, तेव्हाची घटना पाहा. लुईजी कोमोल्लो नावाचा अत्यंत शांत मुलगा त्याच्या वर्गात होता. गुरुजी यायला उशीर झाला की दांडगी मुले त्याला छळत. एकदा हा छळ सहन न होऊन योहानने त्यांतील एकाला खांद्यांना धरून उचलले आणि त्याचाच सोट्यासारखा उपयोग करून इतरांना झोडपून काढले! चौघे आडवे झाले, बाकीचे पळाले. परंतु ज्याच्यासाठी हे केले, त्या कोमोल्लोने त्याचे आभार मानले नाहीत. देवाने तुला हे बळ इतरांना चिरडण्यासाठी दिलेले नाही, हे त्याने मित्राला शांतपणे सांगितले. हा मित्र १८३९ मध्ये अकाली वारला. पण त्याचे ते बोलणे योहानच्या मनातून कधी गेले नाही. न्यायाच्या बाजूने उगारलेला हातही मुलाला बदलत नाही, तो त्याला केवळ आडवा करतो, हे त्याला उमगू लागले.

५ जून १८४१ रोजी तुरिन शहरात योहानला गुरुदीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूच्या नावापूर्वी ‘डॉन’ ही आदराची उपाधी लावतात. म्हणून तो डॉन बॉस्को झाला. तुरिन त्या काळी झपाट्याने वाढत होते. खेड्यापाड्यांतून गवंडीकाम करायला, धुराडी साफ करायला कोवळी मुले शहरात येत आणि रात्री मिळेल तेथे निजत. डॉन काफास्सो या आपल्या गुरूंबरोबर तो तुरुंगांना भेटी देऊ लागला. बारा ते अठरा वर्षांची, सुदृढ व तल्लख मुले तेथे किड्यामुंग्यांच्या चाव्यांनी बेजार होऊन रिकामी बसलेली त्याला दिसली. त्यांतील कित्येक जण सुटून गेल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा आत येत. याचे कारण त्याने शोधले. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. बाहेर एक जरी मित्र असता, तर हा मुलगा पुन्हा येथे आला असता का, हा प्रश्न त्याला अस्वस्थ करू लागला.

त्याचे उत्तर ८ डिसेंबर १८४१ रोजी मिळाले. तुरिनमधील असिसीकर संत फ्रान्सिसच्या चर्चमागील खोलीत डॉन बॉस्को मिस्सासाठी वस्त्रे परिधान करत होता. एक अनोळखी मुलगा कोपऱ्यात उभा होता. चर्चच्या सेवकाने त्याला वेदीसेवा करायला सांगितले. ते येत नाही म्हणताच सेवकाने झाडणीच्या दांड्याने त्याला झोडपले व हाकलून दिले. डॉन बॉस्को सेवकावर रागावला. हा मुलगा माझा मित्र आहे, त्याला परत बोलव, असे त्याने सांगितले. वस्तुतः त्याने त्या मुलाला पूर्वी कधी पाहिलेही नव्हते.

रडत, थरथरत परत आलेल्या त्या मुलाचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा वर्षे, गाव आस्ती, धंदा गवंड्याचा. आईवडील वारलेले. लिहितावाचता येत नव्हते. गाता येते का, या प्रश्नालाही त्याने नकारच दिला. मग शीळ तरी वाजवता येते का, असे विचारताच तो हसला, अशी आठवण सांगितली जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गाला तो जात नसे, कारण तेथे त्याच्याहून लहान मुलांना सारे येत होते आणि त्याला काहीच येत नव्हते. त्याला लाज वाटे. मी तुला एकट्याला शिकवले तर येशील का, असे विचारल्यावर तो कबूल झाला. मात्र कोणी मारू नये, एवढीच त्याची अट होती. गुडघे टेकून म्हटलेल्या ‘नमो मारिया’ या प्रार्थनेने तो वर्ग सुरू झाला आणि पुढच्या रविवारी गारेल्ली आपल्या सोबत्यांना घेऊन आला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. ज्याला आपण उनाड म्हणतो, वर्ग चुकवणारा म्हणतो, तो पुष्कळदा लाजलेला असतो. शेवटच्या बाकावरचा गोंधळ हे अनेकदा न समजलेल्या धड्यावरचे पांघरूण असते. डॉन बॉस्कोने प्रथम प्रश्न विचारले आणि ते अशा क्रमाने विचारले की शेवटी त्या मुलाला येणारी एक तरी गोष्ट सापडली. आज आपल्याला याहून अधिक माहिती आहे. वाचनातील अक्षमता, ऐकण्यातील दोष, लक्ष एकाग्र न होण्याचा विकार, घरातील कलह किंवा उपासमार यांमुळेही मूल वर्गात अस्वस्थ होते, आणि अशा वेळी तज्ज्ञांची मदत घ्यावी लागते. परंतु त्यासाठीही आधी कोणीतरी त्याला जवळ बोलावून विचारावे लागते.

मुलांची संख्या वाढत गेली आणि तिच्याबरोबर हालही वाढले. शेकडो दंगेखोर पोरांचा हा मेळावा, ज्याला ‘ऑरेटरी’ म्हणत, कोणालाच आपल्या शेजारी नको होता. दफनभूमीशेजारचे चर्च, पिठाच्या गिरण्या, भाड्याच्या खोल्या, उघडे कुरण अशी त्याची भटकंती चालली. हा धर्मगुरू भ्रमिष्ट झाला, असे त्याचे काही सहकारीच बोलू लागले. दोघे धर्मगुरू त्याला फिरायला नेण्याच्या मिषाने बंद गाडीतून वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आले. त्याने त्यांनाच आदराने आधी गाडीत बसवले, बाहेरून दार लावले आणि गाडीवानाला गाडी हाकायला सांगितले! अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, वाल्दोक्को भागातील एका बुटक्या पडवीत त्याला कायमची जागा मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये अतिश्रमाने तो मरणाच्या दारी पोहोचला, तेव्हा ऊन्हातान्हात विटा वाहणाऱ्या त्याच पोरांनी उपवास व प्रार्थना करून त्याच्यासाठी देवाकडे आयुष्य मागितले.

नोव्हेंबरात तो परतला, तो आईला बरोबर घेऊन. बेघर मुलांना त्यांनी निजायला जागा दिली. पहिल्या खेपेस ज्यांना आसरा दिला, ती मुले सकाळी पांघरुणे घेऊन पसार झाली. तरीही १८४७ च्या मे महिन्यात पावसाने चिंब भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला, तेव्हा मार्गारिताने त्याला चुलीजवळ बसवले, जेवू घातले आणि झोपण्यापूर्वी दोन प्रेमाचे शब्द सांगितले. पुढे दर रात्री मुलांना निजण्यापूर्वी चार शब्द सांगण्याची जी प्रथा डॉन बॉस्कोच्या संस्थांत रूढ झाली, तिचा उगम येथे मानतात. सारे सोपे मात्र नव्हते. मुले तिची भाजी तुडवत, धुतलेले कपडे चिखलात पाडत. एकदा थकून तिने गावी परत जाण्याचा हट्ट धरला. डॉन बॉस्कोने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. ती राहिली, आणि १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या मुलांची आई होऊनच राहिली.

कामावर जाणाऱ्या मुलांना मालक मारझोड करत. यावर डॉन बॉस्कोने उपाय काढला, तो लेखी करारांचा. १८५० नंतरच्या वर्षांत त्याने मालकांशी मुद्रांकित कागदावर करार केले. त्यांपैकी १८५२ चा एका सुताराच्या उमेदवाराचा करार प्रसिद्ध आहे. मालकाने मुलाची चूक केवळ शब्दांनी सुधारावी, त्याला मारू नये, त्याच्या कुवतीबाहेरचे काम देऊ नये, सणाच्या दिवशी सुटी द्यावी, अशा अटी त्यात आहेत. त्याचबरोबर मुलानेही आज्ञाधारक व प्रामाणिक राहावे, अशी हमी त्यात घेतली आहे.

आता मिकेले मागोनेची हकीकत ऐका. १८५७ च्या शरद ऋतूतील एका धुकट संध्याकाळी डॉन बॉस्को कार्मान्योला स्थानकावर तुरिनच्या गाडीची वाट पाहत होता. अंधारात पोरांचा कल्ला चालला होता आणि त्यात एकच आवाज हुकूम सोडत होता. डॉन बॉस्को जवळ जाताच बाकीची पोरे पळाली. तो एक कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि आमच्या खेळात येणारे तुम्ही कोण, असे त्याने दरडावून विचारले. त्याचे वडील नव्हते, आई लोकांकडे राबत होती. पुढे तेथील धर्मगुरूंनी पत्रातून कळवले की मुलगा हुशार व मनाचा चांगला आहे. पण शाळेत व चर्चमध्ये सर्वांना त्रास देतो, आणि त्याला कित्येकदा शाळेतून घालवून दिलेले आहे.

डॉन बॉस्कोने त्याला वाल्दोक्कोला आणले. त्याने त्याचे धावणे, ओरडणे, खेळणे बंद केले नाही. एका समजूतदार सोबत्याला मात्र त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. वाईट शब्द तोंडून गेला की सोबती हळूच सांगे आणि मिकेले त्याचे आभार मानी. महिनाभराने हा खोडकर मुलगा एकाएकी उदास झाला. खेळणे सोडून तो एकटा बसून रडू लागला. डॉन बॉस्कोने त्याला जवळ घेतले, खोदून न विचारता त्याचे मन मोकळे होऊ दिले आणि पापनिवेदनाचा मार्ग दाखवला. त्यानंतर तोच मिकेले आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागला, लिहिता न येणाऱ्यांना घरची पत्रे लिहून देऊ लागला. टोळीचे नेतृत्व करण्याचा त्याचा गुण नाहीसा झाला नाही. त्याला काम मिळाले. २१ जानेवारी १८५९ रोजी, अवघ्या तेराव्या वर्षी, तो आजारपणात वारला. ज्याला शाळेने वारंवार बाहेर काढले होते, त्या मुलाचे चरित्र डॉन बॉस्कोने १८६१ मध्ये स्वतः लिहून प्रसिद्ध केले.

१८५९ मध्ये सालेशियन संघाची स्थापना झाली आणि १८७२ मध्ये संत मारिया माझ्झारेल्लोच्या सहकार्याने मुलींसाठी भगिनींचा संघ उभा राहिला. आपल्या पद्धतीविषयी डॉन बॉस्कोने १८७७ मध्ये एक छोटे टिपण लिहिले. शिस्तीचे दोन मार्ग आहेत, असे तो त्यात मांडतो. एक दडपशाहीचा : नियम सांगायचे, दूर राहून पाळत ठेवायची आणि चूक होताच शिक्षा करायची. दुसरा प्रतिबंधाचा : नियम आधी समजावून द्यायचे आणि शिक्षकाने मुलांमध्ये असे मिसळून राहायचे की चूक घडण्याची वेळच येऊ नये. विवेक, धर्म व वात्सल्य हे या मार्गाचे तीन आधार. मूल बहुधा दुष्टपणाने नव्हे, तर उतावळेपणाने चुकते. त्या क्षणी कोणी मित्राने सावध केले असते तर ते चुकले नसते, असे त्याचे निरीक्षण होते. मारणे, वेदना होतील असे गुडघ्यांवर बसवणे, कान ओढणे या शिक्षा त्याने पूर्णपणे वर्ज्य मानल्या, कारण त्यांनी मूल चिडते आणि शिक्षकाची प्रतिष्ठा उतरते. समज द्यायची ती चारचौघांत नव्हे, एकांतात. शक्यतो कानात सांगितलेला एखादा शब्दच पुरे व्हावा.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. डॉन बॉस्को त्याच निष्कर्षाला सव्वाशेहून अधिक वर्षे आधी पोहोचला होता, आणि तोही शांत अभ्यासिकेत बसून नव्हे, तर शेकडो दांडग्या मुलांच्या गोंगाटात.

याचा अर्थ तो ढिला होता, असे मात्र समजू नका. चोरी, घाणेरडे बोलणे, इतरांना बिघडवणे या गोष्टी चालू राहिल्या, तर त्याने मुलांना संस्थेतून काढूनही टाकले. एका मुलावरील दयेपोटी दहा जणांचे नुकसान होऊ देणे त्याला मान्य नव्हते. मात्र तो त्याचा शेवटचा उपाय असे, पहिला नव्हे.

चांगली रीतही हातून निसटू शकते, हे त्याला उतारवयात दिसले. १० मे १८८४ रोजी त्याने रोमहून वाल्दोक्कोला एक पत्र पाठवले. स्वप्नात आपल्या संस्थेचे मैदान त्याने दोनदा पाहिले होते. जुन्या काळच्या मैदानात शिक्षक मुलांबरोबर धावत होते. नव्या काळच्या मैदानात मुले कंटाळून कोपऱ्यांत उभी होती आणि शिक्षक आपसांत बोलत दुरून पाहत होते. मुलांवर प्रेम असून भागत नाही. आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना उमगले पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा आहे. दोष त्याने मुलांना दिला नाही. मैदान सोडून गेलेल्या शिक्षकांना त्याने परत बोलावले.

३१ जानेवारी १८८८ रोजी तुरिन येथे डॉन बॉस्को प्रभूच्या घरी गेला. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांनी त्याला संत घोषित केले. त्याचे संघबंधू १९०६ मध्ये भारतात तंजावरला आले. आज ईशान्येच्या डोंगराळ भागापासून मुंबईच्या माटुंग्यापर्यंत त्याच्या नावाच्या शाळा व उद्योगशाळा आहेत.

आपण म्हणाल, वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम संपवायची घाई. डॉन बॉस्कोसारखा वेळ आम्हाला कोठून मिळणार? आपली अडचण खरी आहे. परंतु साठही मुलांना एकाच दिवशी जिंकायचे नसते. तास सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे आधी वर्गात जाता येते. मधल्या सुटीत एकदा मैदानावर उभे राहता येते. ज्याचे नाव आपण केवळ रागावण्यासाठी घेतो, त्याचे नाव एकदा तरी दुसऱ्या कारणासाठी घेता येते. त्याला काय येत नाही हे साऱ्या वर्गाला ठाऊक आहे. त्याला काय येते, हे आपण विचारू शकतो.

आणि एखाद्या दिवशी पुन्हा हात उगारला गेलाच, तर त्या नऊ वर्षांच्या मुलाची आठवण करा. जागे झाल्यावर दुखत होते ते त्याचेच हात. प्रभूने त्याच्या हातांतील बळ काढून घेतले नाही. त्याच हातांनी पुढे बेघर मुलांना अन्न वाढले, त्यांचे करार लिहिले आणि वेदीवर मिस्साबलिदान अर्पण केले. शेवटच्या बाकावरचा आपला तो विद्यार्थी उद्या सकाळी पुन्हा येणार आहे. आज रात्रीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घ्या, आणि उद्या त्याला हाक मारताना तो आपला मित्र आहे, असे समजूनच हाक मारा.